नावेवरच्या सिस्टरची पेटी

पहिला अलर्ट माझ्याच नावाचा आला, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं.

आमच्या रुग्णालयाच्या मेल-सर्व्हरवर कुणी काहीही बदल केला, कुणाची पेटी उघडून दिली, कुणाचा पासवर्ड बदलला, कुणाची पत्रं दुसरीकडे वळवली, की लगेच मेल यावा अशी मांडणी मी त्या सकाळी करत होतो. मेलबॉक्सला आम्ही सगळे पेटीच म्हणतो. सर्व्हर बसवून देणाऱ्या कंपनीचे नाशिकचे साहेब फोनवर सांगत होते आणि मी दोन बोटांनी टाइप करत होतो. शेवटचं बटण दाबलं तसा खिशातला मोबाइल थरथरला. बदल कोणी केला, त्यापुढे माझं खातं. काय केलं, तर अलर्टचा नवा नियम घातला.

"आला का?" साहेबांनी विचारलं.

"आला साहेब. पण माझंच नाव दाखवतोय."

"मग काय माझं दाखवेल? नियम घालणं हा पण बदलच की. आता त्या खोलीत तुम्ही शिंकलात तरी कळणार बघा, कोकणकर."

ते हसले, मीही हसलो. मला ते गमतीने कोकणकर म्हणतात. माझं घर वेंगुर्ल्याच्या बाजूला. आठवीतून शाळा सुटली ती सुटलीच. पुढे ट्रकवर क्लीनर म्हणून फिरत राहिलो. अंकलेश्वरहून बऱ्हाणपूरकडे माल घेऊन जाताना तळोद्याच्या अलीकडे मला ताप भरला, इतका, की ड्रायव्हरने सातपुड्याच्या पायथ्याच्या या रुग्णालयाच्या फाटकाशी मला उतरवलं आणि जाताना स्वतःची चादर ठेवून गेला. मी बरा झालो, पण ट्रक काही परत आला नाही. रुग्णालयाच्या मोठ्या डॉक्टर, त्यांना सगळे बाई म्हणतात, त्यांनी विचारलं, "जनरेटर चालवता येईल का?" मी हो म्हटलं. येत नव्हता. दुपारपर्यंत शिकलो. जनरेटरवरून यूपीएसवर, यूपीएसवरून सर्व्हरच्या खोलीत, असं करत करत मी आत शिरलो. त्या खोलीची किल्ली बाईंनी स्वतःच्या हाताने मला दिली. घरापासून इतक्या लांब, जिथली बोली मला अजून नीट कळत नाही, तिथे माझं म्हणून जे काही आहे ते त्या किल्लीला अडकवलेलं आहे. ती गेली तर मी पुन्हा रस्त्यावरचा.

अलर्ट बाईंनीच मागितले होते. नोकरी सोडून गेलेल्या एका कारकुनाने जाताना त्यांच्या पेटीतली पत्रं परस्पर बाहेरच्या पत्त्यावर जातील अशी सोय करून ठेवली होती. पेशंटची नावं, कुणाला कुठला आजार, सगळं बाहेर जात राहिलं आणि आम्हाला पत्ता नाही. कळलं तेव्हा बाई ओरडल्या नाहीत. मला समोर उभं करून म्हणाल्या, "यापुढे बदल झाला की तुला आणि मला, दोघांना कळलं पाहिजे. आणि पुन्हा असं काही झालं तर मी तुला काही विचारणार नाही. फक्त किल्ली मागेन."

म्हणून अलर्ट. दोन पत्त्यांवर, एक त्यांचा, एक माझा.

त्याच दुपारी मी मेसमध्ये जेवत होतो. होळी जवळ आली होती, ऊन तापायला लागलं होतं. आमच्याकडे भर दुपारी आवारात चिटपाखरू नसतं. ओपीडी संपलेली, पेशंटचे नातेवाईक चिंचेखाली आडवे, कुत्रीसुद्धा पाण्याच्या टाकीच्या सावलीत. मोबाइल थरथरला. मी तोंडातला घास तसाच ठेवून वाचला. इंग्रजी मी अक्षर लावून वाचतो, पण अलर्टचे शब्द ठरलेले असतात, ते आकारावरून ओळखू येतात.

कोणी: माझं खातं. काय: पेटी उघडण्याची परमिशन दिली. कुणाची पेटी: नावेवरची सिस्टर.

नावेवरची सिस्टर वर्षापूर्वी वारली होती.

नर्मदेच्या काठच्या गावांना, मणिबेलीच्या बाजूला, आमची दवाखान्याची नाव जाते. धरणाच्या पाण्याने रस्ता असा ठेवलेलाच नाही तिकडे, जी काही घरं टेकड्यांवर वर सरकली त्यांच्याकडे पाण्यातूनच जायचं. त्या नावेवर ही सिस्टर कितीतरी वर्षं होती. मी एकदाच तिच्याबरोबर गेलो होतो, नावेतली बॅटरी बघायला. खाली पाण्यात बोट दाखवून ती म्हणाली होती, "मी पहिली लस ज्याच्या सावलीत टोचली ते झाड इथं खाली आहे. आंब्याचं. अजून उभं असेल." मी खाली बघितलं, हिरवं पाणी, दुसरं काही नाही. आणि मग परत येईपर्यंत मी नावेचा काठ हाताने धरून बसलो. ती आजारी पडून गेल्यावर तिची पेटी मीच बंद केली. बंद म्हणजे काय, तर कुणाला उघडता येणार नाही अशी. आत पत्रं पडायची काही थांबत नाहीत.

मी ताट सोडून उठलो.

"जेवन सोडीसन कोठे पळी ऱ्हायना रे भाऊ?" मेसच्या मावशी ओरडल्या. "भूत दखं का काय?"

आवार ओलांडून खोलीशी पोचेपर्यंत दुसरा अलर्ट आला. कोणी: माझं खातं. काय: परमिशन काढून घेतली. कुणाची पेटी: तीच.

खोलीचं दार ओढून घेतलेलं होतं. आत कुणी नव्हतं. सर्व्हरचे पंखे नेहमीसारखे फिरत होते, कूलरमधून पाणी ठिबकत होतं. माझ्या खात्याची खिडकी पडद्यावर उघडीच होती, ती मी कधी बंद करत नाही, आमचं जुनं मशीन ती पुन्हा उघडायला फार वेळ घेतं. सगळं जागच्या जागी. फक्त कीबोर्ड टेबलावर नव्हता. तो जमिनीवर होता, वायर ताणून, भिंतीपाशी, कुणीतरी हळूच ठेवल्यासारखा. खुर्ची टेबलात आत ढकललेली.

मी कीबोर्ड उचलून वर ठेवला. हात पुसले. का पुसले ते सांगता येणार नाही.

त्या खोलीत मी आणि माझा जोडीदार, असे दोघं काम करतो. जोडीदार इथलाच, नाल्यापलीकडच्या पाड्यावरचा. पूर्वी तो सिस्टरबरोबर नावेवर मदतनीस होता, मग बाईंनी त्याला माझ्याकडे दिला. पण तो आदल्या संध्याकाळीच होळीच्या सुट्टीवर गेला होता. या वर्षी त्याने बुध्या व्हायचा नवस केला होता. इकडे होळीला जे पुरुष बुध्या होऊन नाचतात ते आधी काही दिवस पाळणी पाळतात. अंघोळ नाही, पायात चप्पल नाही, स्वतःच्या हाताने रांधून खायचं, कुणाला शिवायचं नाही. जाताना तो दारात उभा राहूनच बोलला होता, "आता होळी झाल्यावरच भेटू, दादा." म्हणजे तो नाही. मग राहिलो मीच.

संध्याकाळी मी नाशिकला फोन लावला.

"साहेब, न केलेलं काम आपल्या नावावर दाखवू शकतं का मशीन?"

"मशीन खोटं बोलत नाही हो. तुमच्या खात्यातून झालं म्हणजे तुमच्या खात्यातून झालं." मग म्हणाले, "झोपेत उठून करता का काही? उन्हाचं होतं माणसाला."

मी हसलो नाही. रात्रभर तेच डोक्यात होतं. ट्रकवर असताना तापात मी काय काय बडबडायचो ते ड्रायव्हर सकाळी सांगायचा, आणि मला त्यातलं अक्षर आठवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी ठरवलं, दुपारभर खोलीतून हलायचं नाही. मावशींना डबा पाठवायला सांगितलं. पण दुपारी लाइट जाते ती जातेच. जनरेटर मागच्या शेडमध्ये, आवाराच्या दुसऱ्या टोकाला. ऑपरेशन चालू असतं, प्रसूती असते, जनरेटरला मलाच जावं लागतं. मी पळत गेलो, लावला, आणि पट्टा नीट बसतोय का बघत असताना खिशात थरथर झाली. कोणी: माझं खातं. दोन्ही हात तेलाने भरलेले, समोर जनरेटर धडधडतोय, आणि मोबाइल सांगतोय की मी आत्ता सिस्टरची पेटी उघडली.

परत आलो तेव्हा कीबोर्ड जमिनीवर. या वेळी फरशीवरच्या धुळीत पावलं दिसली. अनवाणी. कूलरच्या हवेसाठी आम्ही नुसतं लोटून ठेवतो त्या मागच्या दारापासून टेबलापर्यंत, आणि परत. ती खुर्चीशी थांबली नव्हती. मी माझी चप्पल काढून त्यातल्या एका पावलावर पाय ठेवून बघितला. मोठं होतं माझ्यापेक्षा. जरा बरं वाटलं, आणि मग जास्तच भीती वाटली.

हे सगळे अलर्ट बाईंनाही जात होते. एक ना दोन, रोज दोन. पण बाई काही बोलत नव्हत्या. वॉर्डात समोर आल्या तर मान हलवायच्या आणि पुढे जायच्या. मला वाटे, विचारावं. मग वाटे, त्या म्हणाल्याच होत्या ना, विचारणार नाही म्हणून. फक्त किल्ली मागेन. त्या दिवसांत त्यांचा हात खिशाकडे जरी गेला तरी मी माझ्या खिशातली किल्ली चाचपून बघायचो. ज्यांनी मला फाटकातून आत घेतलं त्यांना आता वाटत असेल की हा मेलेल्या बाईची पेटी रोज चोरून उघडतो. नाकारू कशाच्या जोरावर? पुरावा माझ्याच नावाचा, आणि तो पुरावा देणारं यंत्र मीच बसवलेलं.

होळीच्या दिवशी सकाळी त्यांनी बोलावलं. टेबलावर मोबाइल होता, सगळे अलर्ट ओळीने उघडे.

"हे तू करतोस?"

"नाही, बाई."

"मग कोण?"

"माहीत नाही."

त्यांनी मोबाइल पालथा ठेवला. डोंगराकडून ढोलाचा आवाज येत होता, अजून नाच नव्हता, नुसतीच ठोकून तपासणी चाललेली. "आजच्या आज मला कळलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "नाहीतर संध्याकाळी किल्ली इथं आणून ठेव."

दुपारी मी वॉचमनला जनरेटरवर बसवला. म्हटलं, लाइट गेली की तूच लाव, हे बटण, हा खटका, बस. त्याने हो हो केलं. मग मी खोलीत जाऊन रॅकच्या मागे, यूपीएसच्या बाजूला, रिकाम्या खोक्यावर बसलो. पडद्यावरची माझी खिडकी मुद्दाम उघडी ठेवली. दार ओढलं.

लाइट गेली. कूलर थांबला. यूपीएसने बीप दिला, आणि सर्व्हरचे पंखे तेवढे ऐकू येत राहिले. खोलीत उकाडा चढायला लागला. मग मागच्या बाजूने घुंगरांचा आवाज आला. जवळ येणारा, पण नाचातला नव्हे. कुणीतरी चालताना ती वाजू नयेत म्हणून हाताने धरून ठेवली आहेत, आणि तरी ती थोडी वाजतात, तसा.

मागचं दार उघडलं. आधी मोरपिसं आत आली, उंच, दाराच्या चौकटीला घासत. मग त्याखाली राखेने पांढरं झालेलं तोंड, अंगभर पांढरे ठिपके, कमरेला वाळलेले दुधीभोपळे आणि घुंगरं. डोळे तेवढे माणसाचे. ते मला ओळखीचे वाटले नाहीत. तो टेबलाशी आला, खुर्चीला वळसा घालून, तिला न शिवता. कीबोर्ड उचलला, भिंतीशी जमिनीवर ठेवला, आणि मांडी घालून बसला. पडदा मान वर करून बघावा लागत होता त्याला. बोटं चालायला लागली.

माझा मोबाइल थरथरला. कोणी: माझं खातं.

माझे दोन्ही हात माझ्या मांडीवर होते. मी ते बघितले. ते हलत नव्हते.

मी उठलो असेन, कारण खोकं सरकल्याचा आवाज झाला. त्याने मान वळवली. आणि मग त्याने जे केलं त्यावरून मी त्याला ओळखलं. पडद्यावर काही उघडायला वेळ लागला की माझा जोडीदार अंगठ्याने भुवई खाजवतो. त्याने तशीच खाजवली. राख थोडी निघून खालची कातडी दिसली.

मग त्याने हात वर केला, जवळ येऊ नका असा. मी तिथेच थांबलो. पडद्यावर सिस्टरची पेटी उघडली होती आणि ती भरलेली होती. न वाचलेली, ताजी पत्रं. त्याने एक उघडलं. मजकूर असा नव्हताच, फोटो होता. कुणा बाईचे सुजलेले पाय, गुडघ्यापर्यंत, मातीच्या ओट्यावर. पोट दिसत होतं, दिवस भरत आलेलं. त्याखाली वाडीचं नाव. त्याने ते पत्र बाईंकडे पाठवलं. पाठवणाऱ्याच्या जागी सिस्टरचंच नाव होतं. मग परमिशन काढून घेतली. माझा मोबाइल पुन्हा थरथरला.

काठच्या वाड्यांमधल्या आरोग्यसेविकांचे फोन सिस्टरने स्वतः नावेत बसून लावून दिले होते. डोंगरावर रेंजमध्ये जायचं, फोटो काढायचा, एक बटण दाबायचं, ते तिच्या पेटीत जायचं. सिस्टर गेली, बटण तेच राहिलं. आणि वर्षभर रोज दुपारी मी जेवायला किंवा जनरेटर लावायला गेलो की माझा जोडीदार तिची पेटी उघडत होता, आतलं पुढे पाठवत होता, आणि पुन्हा लावत होता. सिस्टरने त्याला शिकवलं होतं, उघडलेलं दार उघडं सोडायचं नाही. अलर्ट नव्हते तोवर कुणाला दिसायचं कारण नव्हतं.

तो उठला. घुंगरं हातात धरली आणि आला तसा गेला. मागे फरशीवर राखेचे दोन-चार कण.

मी धावत बाईंकडे गेलो. त्या फोनवर होत्या. "हो, नाव आत्ताच सोडा. बीपीचं मशीन घ्या बरोबर. पाय सुजलेत, फोटो पाठवलाय मी." फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. समोर त्यांचा मोबाइल होता. दोन अलर्ट, आणि त्या दोन्हींच्या मध्ये एक पत्र. नावेवरची सिस्टर.

"बाई, मी बघितलं," मी म्हटलं. "कळलं कोण ते."

"थांब." त्यांनी हात वर केला, अगदी त्याच्यासारखाच. "बस आधी."

मी बसलो.

"वर्षभर येतंय हे," त्या म्हणाल्या. "पत्र येतं, तिचं नाव असतं, खाली फोटो. मी औषध लिहिते, दवाखान्याची नाव पाठवते. कुणी पाठवलं म्हणून मी कधी विचारलं नाही. सुरुवातीला वाटलं, मशीन आपोआप करत असेल. नंतर तसं वाटायचं बंद झालं, तरी विचारलं नाही. इतकी वर्षं रोज दुपारी तिचाच निरोप यायचा रे. तो येतोय तोवर येऊ दे, म्हटलं." त्यांनी चष्मा काढला. "मग अलर्ट मीच लावायला सांगितले, आणि पहिल्याच दुपारी तुझं नाव आलं. विचारायचं तर तुला विचारायला हवं. विचारलं तर ते संपलं. तरी पेशंटची माहिती पुन्हा बाहेर जात नाही ना, म्हणून आज विचारावंच लागलं."

मग मी सांगितलं. जोडीदाराचं नाव, पाळणी, कीबोर्ड जमिनीवर, सगळं. त्या ऐकत राहिल्या आणि मध्येच हसल्या, जरा ओल्या आवाजात. "खुर्चीवर बसत नाही तो, पाळणीत. बरोबर आहे."

"किल्ली, बाई?"

"किल्लीचं काय? ठेव खिशात." मग म्हणाल्या, "एक कर. तिच्या पेटीचे अलर्ट मला नकोत. तुला येऊ देत. तू बघत जा."

त्या संध्याकाळी मी नियम बदलला. त्या बदलाचा अलर्ट मात्र दोघांना गेला, माझ्या नावाचा. नावेवरून निरोप आला की त्या बाईला घेऊन ते निघालेत. अंधार पडायच्या आत ती वॉर्डात पोचली, आणि तिच्या मागे डोंगरावर ढोल सुरू झाले.

होळीनंतर जोडीदार कामावर आला, न्हाऊन, चप्पल घालून, खुर्चीवर ऐसपैस बसला. मी विचारलं, "अरे, माझ्या नावाने का? तुझं खातं होतं की."

"पाळणीत मी मी नसतो, दादा," तो म्हणाला. "आमचा आजा सांगायचा, ज्या कामाचा पगार घेतो ते काम त्या दिवसांत आपल्या नावाने करायचं नाही. पण तिकडची माणसं आजारी पडायची थांबतात का? तुमची खिडकी उघडी होती."

"माझी नोकरी जाणार होती."

"गेली नाही ना?" मग तो ओशाळला. "अलर्टचं ठाऊक नव्हतं, दादा. खरंच."

आता रोज दुपारी अलर्ट येतात, त्याच्या नावाने, फक्त मला. लाइट जाते, मी जनरेटर लावतो, आणि शेडमध्ये उभा असताना खिशात पहिली थरथर होते. सिस्टरची पेटी उघडली. मी तिथेच उभा राहतो. आत माझा जोडीदार आहे, खुर्चीवर, हे मला माहीत असतं. तरी पेटी उघडी असते तेवढा वेळ मला ते हिरवं पाणी दिसतं आणि जनरेटरचा काठ मी हाताने धरलेला असतो. दुसरी थरथर झाल्याशिवाय जेवायला जाववत नाही.

मावशी ताट वाढून वाट बघतात. परवा म्हणाल्या, "तुले बी पाळनी लागनी का रे भाऊ?"